बी विंगचा उंदीर

वर्तकनगरच्या सोसायटीत राहायला आलो त्या दिवशी लिफ्टचं दार उघडलं आणि मी दचकून मागे सरकलो. समोर एक भलंमोठं बोट थेट माझ्या छातीवर रोखलेलं. खाली लिहिलेलं, ‘तुमचा ओला कचरा कुठाय?’

हे पोस्टर म्हणजे देवस्थळी सरांचं काम. जाहिरात कंपनीतून निवृत्त झालेले, एकटेच राहणारे. घराच्या भिंतींवर नातेवाइकांचा एक फोटो नाही, सगळीकडे महायुद्धातल्या पोस्टरांच्या प्रती. चहाला गेलं की शिकवणी सुरू. बोट बघणाऱ्याकडेच हवं, म्हणजे त्याला पळता येत नाही. आई दाखवली की कडेवर बाळ हवंच.

"आणि शत्रूला डोळे द्यायचे नाहीत, दात द्यायचे," सर बशीत चहा ओतत सांगायचे. "डोळे दिसले की माणूस विचारात पडतो."

यंदा उन्हाळ्यात टाकीचं पाणी पुरेना. बी विंगवाले जास्त ओढतात, अशी आमच्या ए विंगमध्ये कुजबुज. सेक्रेटरींनी सरांना पोस्टर करायला सांगितलं. सर खुलले. दुसऱ्या दिवशी गेटवर सुकलेल्या ओठांची आई, कडेवर बाळ, आणि मागे नळाला तोंड लावलेला अक्राळविक्राळ उंदीर. पोटावर ‘बी’. नुसते दात. ते बघून मलाही बी विंगचा संताप आला, आणि माझी सख्खी मावशी बी विंगमध्ये राहते.

दुपारी आमच्यातल्याच काहींनी गच्चीवर जाऊन बी विंगचा पाइप तोडला. एरवी बँकेत मान खाली घालून काम करणारी माणसं.

संध्याकाळी बी विंगच्या पेडणेकर वहिनी खाली आल्या. त्यांचे सासरे अप्पा अंथरुणाला खिळलेले. वहिनी भांडल्या नाहीत. पोस्टरसमोर उभ्या राहून सरांना म्हणाल्या, "अप्पांचं अंग पुसायला पाणी नाही हो. या चित्रातले आम्ही कोण?"

सरांनी पोस्टर ओढून फाडलं, घरातून भरलेली बादली आणली आणि बी विंगचा जिना चढू लागले.

पाइप जोडला गेला. सर मात्र अजून रोज सकाळी अप्पांची दाढी करायला जातात. परवा मावशीकडे जाताना मी डोकावलो. सर दोन बोटांनी अप्पांची हनुवटी उजेडाकडे वळवत होते. अप्पांना हल्ली माणसं ओळखू येत नाहीत. जवळजवळ आपल्याच वयाच्या सरांकडे बघून ते म्हणाले, "बाळू, कधी आलास?"

बाळू त्यांचा धाकटा मुलगा. कधीच वारलेला.

"आत्ताच आलो, अप्पा," सर म्हणाले आणि गालाला हळूच साबण लावू लागले.