खिंकाळणारा घोडा

मोठ्यांनी केलेली गोष्ट मोठीच असते, हे सत्य महाडच्या सायंकाळ बुद्धिबळ मंडळात कोणीही नाकारत नसे. मंडळाचे अध्यक्ष चिंतामणी टिपणीस हे निवृत्त मुख्याध्यापक, आणि बाकीचे सभासद एकेकाळचे त्यांच्या हाताखालचे शिक्षक. अध्यक्ष कित्येक वर्षांत एकही डाव हरले नव्हते. (त्यांना मात द्यायची वेळ आली की समोरच्याला घरचे काम आठवे.)

२००३ च्या दिवाळीत त्यांनी जाहीर केले, "जगातला सर्वांत बलवान बुद्धिबळाचा प्रोग्राम मोठी कंपनीच लिहू शकते. एक माणूस तीन खेळ्या पुढचं बघतो. आमच्या पुतण्याच्या, धवलच्या, कंपनीत पाच हजार माणसं. म्हणजे पंधरा हजार खेळ्या!" गणिताच्या शिक्षकांनी हिशेब तपासून बरोबर ठरवला.

पोलादपूरला संगणकाचा क्लास चालवणारी, सरांची जुनी विद्यार्थिनी वल्लरी तेवढी आडवी आली. "सर, असले प्रोग्राम घरी बसून एखादा वेडा माणूस लिहितो. कंपनीला त्यात काय मिळणार?"

"मग होऊन जाऊ दे सामना! तुझा वेडा जिंकला तर मी अध्यक्षपद सोडीन." हे जरा जास्तच झाले हे सरांना बोलून गेल्यावर कळले, पण शब्द मागे घेण्याचा सराव मुख्याध्यापकांना नसतो.

पुतण्या धवल मुंबईहून कंपनीची सीडी घेऊन आला. प्रोग्रामवर चाळीस माणसे राबली होती. (चौघांना बुद्धिबळ येत होते. त्यांची पुढे बदली झाली.) पट शिसवी, सोंगट्या संगमरवरी, आणि घोडा उचलला की खिंकाळे. वल्लरीने आणलेल्या, एकाच माणसाने घरी लिहिलेल्या फुकट प्रोग्रामात काळ्या पडद्यावर नुसती अक्षरे.

दोन संगणक शेजारी मांडले. एकावरची खेळी दुसऱ्यावर उतरवायची, असे ठरले. थोड्याच वेळात कंपनीचा वजीर गेला, पाठोपाठ हत्ती.

"घोडा वरडतो बेस," सामना बघायला आलेले, पाचाडला खानावळ चालवणारे सहदेवमामा म्हणाले, "पन करीत काय नाय रे!"

मात झाली. सर उठून उभे राहिले. "आजपासून मी साधा सभासद."

"राहू द्या हो, सर," वल्लरी ओशाळून म्हणाली.

"काका, आधी प्रोग्राम असा नव्हता," धवल खाली मान घालून म्हणाला. "त्या चौघांनी लिहिलेला कुणाकडूनच हरत नसे. चाचणीला दिला, तर शंभरातल्या सत्त्याण्णव गिऱ्हाइकांनी परत केला. बाकी तिघांना तो सुरूच करता आला नाही. मग वरून हुकूम आला, गिऱ्हाईक जिंकलं पाहिजे. त्याला कच्चा करायलाच उरलेली छत्तीस माणसं लागली."

मंडळाने दोन्ही प्रोग्रामांची रीतसर परीक्षा घेतली. फुकटच्याने प्रत्येक सभासदाला धूळ चारली. कंपनीच्याला प्रत्येकाने हरवले. 'बलवान प्रोग्राम कोणता' हा विषय त्यामुळे निकालात निघाला, आणि कंपनीची सीडी विकत घेण्याचा ठराव एक मत सोडून सर्वांनी मंजूर केला.

ते एक मत चिंतामणी सरांचे. ते हल्ली एसटीने पोलादपूरला जातात, वल्लरीच्या क्लासात त्या काळ्या पडद्यासमोर बसतात, सपाटून हरतात आणि खुशीत परत येतात. त्यांच्या प्रकृतीबद्दल मंडळाला काळजी वाटते.

या ठरावाला हसणाऱ्या वाचकांनी कृपया एवढेच आठवावे: आपल्या संगणकावर आपण शेवटचा डाव जिंकलात, तेव्हा 'सोपे, मध्यम, कठीण' यांतल्या कशावर खूण होती? मंडळात सभासदांसाठी अजून जागा आहे.