करनाईची एकच फुंक

“कुठलंही काम काढ, मुरोदिल. पहिल्या सकाळी करनाईत एक फुंक मार, अल्लाचं नाव घे आणि मगच कुलूप उघड. शब्द दे!”

नोर्मत-उस्तादांनी हे सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर लग्नघरंच असणार. माणसापेक्षा लांब पितळी करनाई खांद्यावर टाकून गावोगाव वाजवत फिरणारा आपला शिष्य एक दिवस डिझाइनचा स्टुडिओ थाटेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल. पण शब्द तो शब्द. उस्तादांना माती देताना मुरोदिलने तो मनातल्या मनात पुन्हा एकदा दिला होता.

आणि स्टुडिओ तरी त्याने ठरवून कुठे काढला होता? कुवा गावातल्या एका लग्नात नवऱ्या मुलाचा मामा बेभान नाचत मागे आला आणि करनाईच्या टोकावर आदळला. दुसरं टोक मुरोदिलच्या तोंडात होतं. समोरचा दात मामाच्या आनंदापायी गेला. नवा दात रुळेपर्यंत फुंकणं बंद. घरात बसून बसून करणार काय? पाहिलेल्या शेकडो लग्नांच्या आठवणीतून तो पत्रिका काढू लागला. वऱ्हाडातल्या मावश्यांची नजर पत्रिकेवर आधी कुठे जाते, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? मग बेकरीवाल्याची पाटी आली, रेशीमवाल्यांच्या पुड्यांची वेष्टनं आली, आणि बायको दिलरबो म्हणाली, “आता एक खोली हवी. दस्तरखानावर जेवणापेक्षा रंगच जास्त सांडतात.”

खोली होती सासूबाईंची. रस्त्याकडे दार असलेली, मार्गिलान शहरातल्या भर मोहल्ल्यात. होजर-ओयींनी ती दिली, पण किल्ली हातावर ठेवताना बोट उगारून.

“करनाई वाजली की किल्ली परत. घरात माझी धाकटी राणो अजून लग्नाची आहे. करनाई ऐकून लोकांना काय वाटेल?”

“नाही वाजणार, ओयी,” मुरोदिल म्हणाला, आणि दुसऱ्याच क्षणी त्याला उस्ताद आठवले. एका तोंडाने दोन शब्द दिले गेले होते. तोंडातला दातही त्याला एकदम हलल्यासारखा वाटला.

रात्री नवराबायकोनं तोडगा काढला. फुंक मारायची, पण आवाज होऊ द्यायचा नाही. करनाईच्या तोंडात ओयींचा लाल रेशमी रुमाल कोंबायचा आणि मागच्या अंगणात, तुतीच्या झाडाखाली उरकून घ्यायचं.

पहाटेच्या नमाजनंतर मुरोदिलने बिस्मिल्ला म्हणून हलकेच फुंकलं. काही नाही.

“वाजली?” दिलरबोने विचारलं.

“मलाच ऐकू आली नाही, तर उस्तादांना काय ऐकू जाणार?”

“मग जरा जोर लाव की!”

त्याने लावला. आत कोंडलेला दम क्षणभर थांबला, आणि मग रुमाल सुटला. तो तुतीच्या शेंड्यावरून, कुंपणावरून उडत शेजारच्या तुर्सुनोय-होलांच्या अंगणात गेला, आणि त्याच्या मागोमाग करनाई अशी गर्जली की झाडावरचे सगळे पक्षी एकदम उठले.

आता मार्गिलानात पहाटे करनाई वाजते ती एकाच कारणासाठी. लग्नघरी पलोव शिजलाय, पुरुषमंडळींनी यावं! मशिदीतून बाहेर पडणारी माणसं नेमकी तेव्हाच गल्लीत होती. सगळ्यांत पुढे मोहल्ल्यातले वडीलधारे सोबिर-ओता, त्यांच्या मागे वीस-पंचवीस टोप्या.

“होजर, पोरी, मुबारक असो! राणोचं लग्न काढलंस आणि आम्हाला पत्ता नाही?”

ओयी अंगणात आल्या त्या केस सावरतच. “नाही हो, ओता, लग्न कसलं...”

“लाजतेस काय!” तुर्सुनोय-होला दारातूनच ओरडल्या. लाल रुमाल त्यांनी डोक्याला बांधलासुद्धा होता. “आहेराचा रुमाल तर कुंपणावरून पोचवलास! रंग छान आहे हं.”

ओयींनी जावयाकडे पाहिलं. मुरोदिल करनाई पाठीमागे लपवायला गेला, पण ती त्याच्या डोक्यावरून हातभर वर आली.

तोवर सोबिर-ओता अंगणातल्या तापचानवर, त्या बसायच्या लाकडी चौथऱ्यावर, बसलेही होते. त्यांनी दोन्ही हात उचलले, राणोच्या संसारासाठी लांबलचक दुआ मागितली आणि सगळ्यांनी “ओमीन” म्हणून हात चेहऱ्यावरून फिरवले. ओयींचे हातही सवयीनं फिरले. झालं! उंबरा ओलांडून आलेल्या पाहुण्याला उपाशी पाठवायचं कसं, आणि ओमीन म्हणून झालेली दुआ परत घ्यायची कशी?

“कढई काढ,” ओयी दात आवळून दिलरबोला म्हणाल्या. “आणि त्या पितळी उंटाला सांग, लाकडं फोड. किल्लीचं नंतर बघते.”

मुरोदिल लाकडं फोडत राहिला. प्रत्येक घावागणिक त्याला आपली खोली रिकामी होताना दिसत होती. आधी रंगांच्या बाटल्या, मग टेबल, मग पाटी. राणो मुकाट्याने गाजरं चिरत बसली होती. तिचे डोळे लाल होते, आणि कांदा तर अजून कोणी सोललाही नव्हता.

इतक्यात दार धाडकन उघडलं. सलोमत-होला! यांच्या मुलासाठी, अबरोरसाठी, राणोचं नाव दीड वर्ष चर्चेत होतं, आणि दीड वर्ष होलांचं एकच उत्तर होतं, “विचार करतोय.” आत्ता त्या घरातून तशाच धावत आल्या होत्या. काखेत न्याहारीचे गरम नान, पायात वेगवेगळ्या चपला.

“वा, होजर! आम्ही इकडे विचार करतोय आणि तू पोरगी परस्पर दुसरीकडे देतेस? अबरोर घरात भिंतीकडे तोंड करून बसलाय!”

ओयी खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. “अजून कुठे काय ठरलंय, सलोमत?” त्या म्हणाल्या, आणि ते शंभर टक्के खरं होतं.

“मग आत्ता ठरव!” असं म्हणून सलोमत-होलांनी काखेतले नान काढले आणि सोबिर-ओतांपुढे धरले. “मोडा, ओता. सगळ्यांसमोर मोडा. आमचा विचार झाला!”

नान मोडला म्हणजे सोयरिक पक्की. ओतांनी पलोवाची वाट पाहून थकलेल्या हातांनी तो असा चटकन मोडला की पहिला घास त्यांच्याच तोंडात गेला.

“गाजरं कमी पडतील,” राणो हळूच म्हणाली. “मी अजून चिरते.” आणि तिने इतकी गाजरं चिरली की त्या दिवशीच्या पलोवात तांदूळ शोधावा लागला.

जेवणं झाल्यावर सलोमत-होला स्टुडिओत शिरल्या. भिंतीवरची पत्रिका त्यांनी जवळून पाहिली, लांबून पाहिली.

“एवढा कागद कोरा का? शाई संपली होती?”

“होला, करनाईवाला दोन फुंकांमध्ये दम घेतो ना, तशी ती जागा आहे,” मुरोदिल म्हणाला. “दम घेतला नाही तर पुढचा सूर मोठा लागत नाही.”

होला विचारात पडल्या. पण या वेळी विचार लवकर संपला.

“आमच्या अबरोरची पत्रिका तूच कर. फक्त दम जरा कमी घे. आमच्याकडे नातेवाईक पुष्कळ आहेत.”

स्टुडिओचं पहिलं काम मिळालं होतं. ओयी दारात उभ्या होत्या. त्यांनी किल्ली मागायला हात पुढे केला, मग तोच हात फिरवून टेबलावरची धूळ पुसली.

“खोली राहू दे. पण या घरात करनाई पुन्हा वाजायची नाही.”

“लग्नातही नाही, ओयी?”

त्यांनी खूप वेळ टेबल पुसलं. “लग्नात... दोनदा वाजव.”

संध्याकाळी मुरोदिल कुंपणापाशी करनाई पुसत होता. पलीकडून लाल रुमाल वर आला, त्याखाली तुर्सुनोय-होलांचा चेहरा.

“बेटा, आमची मव्लुदा सत्तावीस पुरी झाली,” त्या कुजबुजल्या. “तिच्याबद्दलही एक घर ‘विचार करतंय’. उद्या आमच्या दारात फक्त एकदा फुंकशील? तांदूळ मी आजच निवडून ठेवलेत. होजरला कळू देऊ नकोस.”

मुरोदिलने ओयींचं बोलणं आठवून पाहिलं. या घरात नाही, असं त्या म्हणाल्या होत्या. तुर्सुनोय-होलांचं घर काही हे घर नव्हे.

“शब्द दिला, होला.”

दुसऱ्या दिवशी पहाटेची नमाज झाली. मुरोदिलने चपला हातात घेतल्या, करनाई खांद्यावर टाकली, आणि ओयींच्या खिडकीखालून वाकून, अनवाणी पायांनी, तो शेजारच्या फाटकाकडे निघाला.