शेवटची दहा पानं

आमच्या शेजारच्या रिबेकामावशी कुणाला कादंबरी वाचायला देताना आधी तिची शेवटची दहा पानं स्टेपल करतात. "शेवट काय व्हावा ते मला येऊन सांग. मग पिना काढते." बिल्डिंगमधल्या आठवी ते बारावीच्या सगळ्या पोरांना हाच नियम. मोठ्यांना पुस्तकच मिळत नाही. "तुम्ही आता काय सुधारणार?" असं तोंडावर सांगतात.

मावशी बेने इस्रायली, म्हणजे इथल्या मराठी ज्यू. सगळं आयुष्य पनवेलमध्ये गेलं, बँकेतून रिटायर झाल्या. मुलगा इस्रायलला स्थायिक. रोज चारनंतर त्यांचं दार उघडं. शुक्रवारी मात्र शब्बाथचा दिवा लावायचा, म्हणून लवकर बंद. वाद घालणाऱ्या पोरांना त्या 'वकीलसाहेब' म्हणतात. नववीतल्या एकाने एकदा शेवट नेटवरून शोधून आणला. मावशी म्हणाल्या, "हा लेखकाचा झाला. तुझा कुठाय?" आणि पुस्तक परत त्याच्या हातात दिलं.

माझी केतकी दहावीत गेली आणि बोलायचीच थांबली. काय झालं विचारलं की "काही नाही." ताट अर्धं, दार बंद. घाबरून मी तिला मावशींकडे नेलं. त्यांनी काहीच विचारलं नाही. मैत्रिणींनी एकटं पाडलेल्या मुलीची एक जाड कादंबरी तेवढी दिली.

आठवड्याने भिंतीपलीकडून केतकीचा आवाज चढलेला ऐकू आला.

"तिने माफ करायचंच नाही!"

"का हो, वकीलसाहेब?"

"त्यांनी तिला ग्रुपमधून काढलं! सगळा वर्ग हसला!"

"पुस्तकात ग्रुप कुठाय गं?" मावशींनी हळूच विचारलं.

मग केतकीचं रडणं. घरी येऊन तिने मला सगळं सांगितलं आणि दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. माझा जीव भांड्यात पडला.

मग ती रोज मावशींकडे जाऊ लागली, परतायला रात्र करू लागली. चार-आठ दिवसांनी मी आभार मानायला गेले. मावशी म्हणाल्या, "माझा डेव्हिडही पंधराव्या वर्षी असाच गप्प झाला होता. मी नुसते मार्क विचारत राहिले. आता फोनवर तो तिथलं ऊन सांगतो, मी इथला पाऊस."

निघताना म्हटलं, "केतकी तुमचा फार वेळ खाते. सहाला घरी पाठवत जा तिला."

मावशी चपापल्या.

"तिला रागावू नकोस गं. उशीर मीच करते. ती उठायला लागली की मुद्दाम काहीतरी वेडंवाकडं बोलते. मग ती भांडायला परत बसते."