सिडकोत बसून विंचूरचा कांदा

मी एकदा मनावर घेतलं की ते काम झालंच म्हणून समजा! सातपूरच्या आमच्या कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला मी ओके म्हटल्याशिवाय एक नट गेटबाहेर जात नाही. त्याच जोरावर एका लग्नात, भर पंगतीत, मी सासऱ्यांना सांगून टाकलं, "मामा, यंदा कांद्याच्या चाळीची काळजी सोडा! विंचूरला तुमचा कांदा कसा आहे, ते मी नाशकात, सिडकोत बसून सांगेन!"

समोर माझे साडू रवीराव पापड मोडत होते. ते थांबले.

"बसून सांगणार? म्हणजे कांदा तुम्हाला फोन करणार का?"

पंगत हसली. रवीराव मनमाडला रेल्वेत आहेत. मागे त्यांनी सासऱ्यांची बंद पडलेली पाण्याची मोटार एका दुपारी चालू करून दिली, आणि तेव्हापासून त्या घरात त्यांच्या चहाबरोबर बिस्किटं येतात. मला नुसता चहा!

सासरे मात्र हसले नाहीत. सावळीराम मामांचं घर त्या चाळीवर चालतं. उन्हाळ कांदा एकदा आत भरला की दिवाळीपर्यंत तोच आधार. गेल्या वर्षी ढिगाच्या तळाशी कांदा सडत गेला, वरून कुणाला कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा निम्मी चाळ उकिरड्यावर टाकावी लागली. मेव्हण्याच्या, म्हणजे हर्षलच्या खोलीच्या भिंती तेव्हापासून बिनछपराच्या उभ्या आहेत.

"पाव्हणं," मामा सावकाश म्हणाले, "तुमच्या शब्दावर भरतो मग यंदा चाळ."

झालं! आता माघार नाही.

मी यंत्र मागवलं. नाव वायरलेस सेन्सर नेटवर्क. घाबरू नका, मीही आधी घाबरलो होतो. काडेपेटीएवढे तीन सेन्सर असतात. ते कांद्याच्या ढिगात पुरायचे. हे आपले खबरे. आत उष्णता किती, ओलावा किती, हे ते सांगतात. पण सांगतात कुणाला? तर गेटवेला! गेटवे म्हणजे त्यांचा मुकादम. जेवणाच्या डब्याएवढा, पांढऱ्या पेटीत घालून भिंतीवर ठोकायचा. त्याला स्वतःचं सिमकार्ड, स्वतःची बॅटरी. तो सगळ्या खबरा गोळा करून माझ्या मोबाईलवर धाडणार. सोबतच्या पुस्तिकेत सुरक्षिततेच्या सूचना होत्या, त्या मी पाढ्यांसारख्या पाठ केल्या. आधी अँटेना जोडा, मग वीज द्या. पत्र्यापासून लांब ठेवा. अर्थिंग तपासा. शिडीवर चढताना खाली माणूस उभा करा.

एवढं सगळं लिहिलं होतं, पण गेटवे बसवणारा माणूस जावई असेल आणि महिना अधिक असेल तर काय करायचं, ते त्यात कुठेच नव्हतं!

अधिक महिना आला की जावई नावाच्या साध्या माणसाचा नारायण होतो. त्याला लेकीसकट बोलावायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, कपडे करायचे आणि वर अनारशांचं वाण द्यायचं. मला आमंत्रण आलं. म्हटलं, एका फेरीत दोन कामं! आम्ही नवराबायको यंत्र घेऊन विंचूरला पोचलो, आणि मी शिडीला हात लावला मात्र...

"अगं बाई!" सासूबाई ओट्यावरून ओरडल्या. "जावयानं शिडी चढायची? अन् तीबी अधिकात? हर्षल, घे ती शिडी! पाव्हण्यांना पाट दे!"

"मामी, हे जरा जोखमीचं काम आहे, मलाच..."

"काम कंचंबी असंना! लोक काय म्हणतील? जावई जेवायला बोलवला अन् कामाला जुंपला?"

मला पाटावर बसवलं. डोक्यावर टोपी, खांद्यावर नवा टॉवेल, कपाळाला गंध. चाळ घराच्या मागे. तिच्याकडे पाठ करून मी बसल्या जागेवरून आयुष्यातलं पहिलं गेटवे इन्स्टॉलेशन सुरू केलं.

"हर्षल, अँटेना लावली का?"

"लावली दाजी!"

"विजेच्या आधी की नंतर?"

"आता दोनी झालंय की दाजी! आधी-नंतर कशाला उकरायचं?"

"पत्र्यापासून लांब आहे ना?"

"पत्रा तिकडं, मी हिकडं!"

"सेन्सरला दोरा बांध, नाहीतर ढिगात हरवतील!"

"लाल नाडा बांधलाय!"

आणि मोबाईलवर एकामागून एक तीन हिरवे ठिपके उगवले! मी पाटावरच टुणकन उडालो. लगेच ठिपक्यांचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, रवीरावांना दिसावा म्हणून. मग धोंडे आले. त्यांच्यावर तूप आलं. नको नको म्हणेपर्यंत पुन्हा धोंडे आले. त्यानंतरचं मला काही आठवत नाही, कारण मी संध्याकाळपर्यंत झोपलो होतो.

उठलो तेव्हा वाणाची टोपली खण झाकून गाडीत ठेवलेली होती.

"सांभाळून न्या पाव्हणं," सासूबाई म्हणाल्या. "जड हाय."

"अनारसे ते मामी, जड कसले!"

निघताना मी चाळीशेजारच्या मोटारीच्या खोलीकडे नजर टाकली. भिंतीवर गेटवेची पांढरी पेटी झळकत होती. तिला हळदकुंकू लावलेलं होतं. माझी छाती फुगली.

घरी आल्यावर योगिनीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, टोपली जेवणाच्या टेबलावर ठेवली. आमचा हॉल असा, की त्या टेबलापासून एका हाताला कूलर आणि दुसऱ्या हाताला गॅस. दुसऱ्या दिवसापासून मी ग्रुपवर रोजचं बातमीपत्र सुरू केलं. "शुभ सकाळ! चाळीत हवा उत्तम. कांदा सुखात आहे. कुणीही काळजी करू नये!"

रवीरावांनी विचारलं, "बाहेर एवढी आग ओकतेय आणि चाळीत गारवा कसा?"

मी एकच शब्द टाकला. "तंत्रज्ञान!"

मोबाईल म्हणत होता, गेटवे बॅटरीवर चालू आहे. मी जाणत्यासारखा हसलो. शेतातली लाईट ती, जायचीच!

रविवारी सकाळी योगिनीनं इडल्या लावल्या. मी पेपर वाचत होतो. एवढ्यात मोबाईल असा कोकलला की मी पेपरसकट खुर्चीतून उठलो. लाल अक्षरं! ओलावा धोक्याच्या वर!

"मामा!" मी फोनमध्ये ओरडलो. "चाळीत वाफ कोंडलीय! ताडपत्र्या वर करा!"

पळण्याचा आवाज. ताडपत्र्यांचा आवाज. मग धापा टाकत मामा, "केल्या वर! पन पाव्हणं, हितं तर कोरडं ठणठणीत हाय."

"वरून तसंच वाटतं! गेल्या वर्षीही तसंच वाटलं होतं ना?"

 मामा बारीक आवाजात म्हणाले, "व्हय."

तेवढ्यात आकडा उतरला. मी विजयानं दोन इडल्या जास्त खाल्ल्या. पण रात्री योगिनीनं वरणाचा कुकर लावला आणि पुन्हा भोंगा! पुन्हा ताडपत्र्या वर! सकाळी बटाटे उकडायला ठेवले, पुन्हा तेच! आता माझं चित्त थाऱ्यावर राहीना. मी सुट्टी टाकली. मोबाईल हातात धरून हॉलमध्ये येरझाऱ्या घालायला लागलो. डोकं तापलं. डोकं तापलं की मला कूलर लागतो. कूलर फुल केला, आणि काय सांगू, ओलावा आणखी चढला! तो चढला तसा मला दरदरून घाम फुटला, म्हणून मी कूलरमध्ये आणखी पाणी ओतलं. तिकडे विंचूरची चाळ पार भिजत चालली!

मध्येच हर्षलचा फोन आला.

"दाजी, एक बोलू का? त्ये मशीन हाय ना..."

"हर्षल, आत्ता नाही! मामांना दे!"

"पन दाजी, आई..."

"मामींना म्हणावं चहा नंतर! मामांना दे आधी!"

काळजी लागली की मला खायला लागतं. मी येता-जाता टोपलीत हात घालत होतो.

"अहो, वाणाचे अनारसे आहेत," योगिनी म्हणाली. "एकट्यानं संपवणार का?"

"मला विचार करू दे!"

"तोंडानं?"

दुपारी आकडा पार वर टेकला. आता धोका पत्करण्यात अर्थ नव्हता. मी मामांना म्हणालो, "मामा, चाळ उपसा! सगळा कांदा बाहेर काढा!"

 मामा म्हणाले, "आभाळ भरून आलंय पाव्हणं. बाहेर काढलेला कांदा भिजला तर उरलंसुरलंबी जाईल. नीट बगून सांगा. तुमच्या शब्दावर भरलीय, तुमच्याच शब्दावर उपसतो."

खरं सांगतो, ओके म्हणायची सवय नटांना, बोल्टांना. इथं एका घराचं वर्ष होतं. मी मोबाईलकडे पाहिलं. लाल अक्षरं लुकलुकत होती. मागं कूलर घोंगावत होता.

"काढा!" मी म्हणालो.

गावात मजुरांची टोळी चालवणाऱ्या सगुणाबाईच्या हाताखालच्या बायका बोलावल्या गेल्या. टोपल्या भरल्याचा, कांदे ओतल्याचा आवाज फोनवर येत होता. मग फोन बंद झाला. मी टेबलाशी मटकन बसलो आणि अनारशासाठी टोपलीत हात घातला. हात तळाला गेला. तळाशी काहीतरी टणक लागलं.

अधिकात जावयाला देतात तो चांदीचा दिवा! सासूबाईंनी गुपचूप दिलेला दिसतोय, असं म्हणून मी ओढलं. लाल नाडा आला. नाड्याला सेन्सर, त्याला खसखस चिकटलेली. मग दुसरा. मग तिसरा. आणि मग, तुपानं माखलेला, हिरवा दिवा मिचकावत, गेटवे बाहेर आला! अँटेना मात्र पुस्तिकेत म्हटल्याप्रमाणे घट्ट बसवलेली होती.

मी योगिनीकडे पाहिलं. योगिनीनं माझ्याकडे पाहिलं. मग तिनं उठून कूलर बंद केला. माझ्या डोळ्यांदेखत विंचूरचा ओलावा उतरू लागला.

मी मामांना फोन लावला. उचलेनात. पुन्हा लावला. नाही! सगळ्यांचे हात कांद्यात. बाल्कनीतून विंचूरच्या दिशेला पाहिलं तर तिकडे काळंभोर. शेवटी हर्षलनं उचलला.

"हर्षल! अरे, गेटवे माझ्याकडे आहे!"

"त्येच सांगतोय की दाजी कवाधरनं! आई म्हनली, अधिकात जावयाला द्यायचं असतं, त्याच्याकडनं घ्यायचं नसतं. नारायणाची वस्तू ठिवून घेतली तर पाप लागंल. पन तुमचं मनबी मोडवंना. तवा तुमी झोपल्यावर मला सगळं काढायला लावलं. पेटी ठिवली भिंतीवर, आतलं घातलं टोपलीत. बाबांना पत्ता नाय."

"मग पेटीत काय आहे?"

"नारळ."

"अरे, मग थांबव त्यांना! कांदा आत भरा पुन्हा! आभाळ..."

"आता? तळ लागत आलाय दाजी..."

तेवढ्यात पलीकडे मामांची आरोळी आली. बायकांचा गलका झाला. फोन कुणीतरी हिसकावून घेतला.

"पाव्हणं!"

मी डोळे मिटून घेतले. आता जे काय ऐकायचं ते ऐकायचं.

"पाव्हणं, घावलं! पार कोपऱ्यात, तळाला! चाळीखालनं गेलेला ठिबकचा पाइप फुटलाय, आतल्या आत पाझरत होता! चार टोपलं सडलंय. आनखी थोडं दिस गेलं असतं तर गेल्या सालासारखी..."  सासरे रडत होते! "वरनं कोरडं ठणठणीत. आमाला कुनाला कळलं नाय, तुमच्या मशीनला कळलं!"

माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. चाळ वाचली, या एका गोष्टीनं मला इतकं हलकं वाटलं की मी सेन्सरवरची खसखसही चाटली.

"आभाळ, मामा?"

"पांगलं! चांगला कांदा आत चाललाय. सगुणाबाई म्हनती, असला जावई आमाला कुठं मिळंल?"

मोबाईल कुंईऽ वाजला. ग्रुपवर हर्षलनं सडक्या कांद्याचा फोटो टाकला होता, आणि खाली रवीराव होते. "मानलं, साडूभाऊ!" या दोन शब्दांसाठी मी जिवाचं रान केलं होतं. आता ते नीट वाचवतही नव्हते.

"मामा," मी सगळं बळ एकवटून म्हणालो, "तुम्हाला एक सांगायचं होतं. ते मशीन..."

"काय बी सांगू नका! एकच ऐका. ते मशीन जिथं हाय, तिथनं जरासुद्धा हलवायचं नाय! मी कुनाला हात लावू द्यायचो नाय!"

मी टेबलाकडे पाहिलं. गेटवे अनारशांच्या चुऱ्यात पडून हिरवा दिवा मिचकावत होता.

"नाही हलवत, मामा," मी म्हणालो, आणि त्याच्यावर खण पांघरला.

फोन ठेवला. योगिनी गॅसपाशी उभी होती. हातात इडलीपात्र.

"रात्रीसाठी इडल्या लावू का," तिनं विचारलं, "की आधी विंचूरला विचारायचं?"