जिन्यातला हुशार दिवा

कळंबला गुरुसिद्धप्पांच्या माडीवर भाड्यानं राहणारे एलियाझर पेझारकर सहा दिवस गावोगाव सोलर बसवत आणि सातव्या दिवशी साधं बटणही दाबत नसत. ते अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत त्यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस. यंत्र वाईट नाही, पण आठवड्यातून एकदा माणसानं त्याच्यावाचून राहून पाहावं, असं ते म्हणत. स्वतः दिवा लावायचा-विझवायचा नाही, दुसऱ्यालाही सांगायचं नाही. दुसऱ्यानं स्वतःच्या कामासाठी केलं, तर चालतं.

घरमालकांना या नेमाचा भारी आदर, आणि आदर वाटला की त्यांना स्वस्थ बसवत नसे. शुक्रवारी संध्याकाळी पेझारकर प्रार्थनेत असताना त्यांनी दिवसाही अंधाऱ्या असणाऱ्या जिन्यात, हालचाल टिपणाऱ्या डोळ्याचा, आपोआप लागणारा दिवा बसवून घेतला.

"साहेब, आता बटनाची भानगडच न्हाय," शनिवारी सकाळी ते म्हणाले. "पाऊल टाकलं की उजेड."

पेझारकरांचा चेहरा उतरला. पावलानं दिवा लागला, तर तो लावणारे तेच की! आणि दुपारी खाली घरमालकांच्या मुलीचा, शिवानीचा साखरपुडा. "काका, तुम्ही आल्याबिगर मी अंगठी घालणार न्हाय," असं तिनं बजावलेलं.

"दिवा फारच हुशार आहे हो," त्यांनी सुचवून पाहिलं.

"व्हय, महागातला हाय," म्हणत गुरुसिद्धप्पा खुशीत खाली गेले.

आता आशा कळंबच्या सारख्या जाणाऱ्या लाईटवर. ती दुपारी गेलीही. पेझारकरांनी देवाचे आभार मानले, तोच शिवानीचा भाऊ विरेश बोलवायला जिना चढू लागला आणि दिवा लख्ख लागला. गेल्या महिन्यात या घराला सोलर पेझारकरांनीच बसवलं होतं. "आता तुमची लाईट जायची नाही," असं वर सांगितलंही होतं.

ते काही उतरेनात. खाली पाहुणे खोळंबले, शिवानी हटून बसली, साहेब रुसले अशी कुजबुज सुरू झाली. शेवटी तिची आई मल्लम्मा वर आली.

"मला यायचंय हो, पण तो दिवा..." पेझारकर अडखळले.

"बंद करू का?"

"ते मला सांगता येत नाही."

"मग नका सांगू." तिनं खाली जाऊन आपल्या खोलीतून गोधडी आणली आणि दिव्याचा डोळा झाकेल अशी कठड्यावर टाकली. "वल्ली हाय. म्या माझ्या कामानं वाळत घालतीय, तुमच्यासाठी न्हाय."

थोड्या वेळानं दिवा विझला. पेझारकर अंधारात चाचपडत उतरले, तेव्हा कुठं शिवानीनं अंगठीसाठी हात पुढं केला.

उतरताना गोधडी त्यांच्या अगदी खांद्याजवळ होती. ती ओली आहे की कोरडी, हे मात्र त्यांनी हात लावून पाहिलं नाही.