शेलारांचं चुकलेलं माप

शेलारांना माप घेता येत नाही, असं मी आमच्या इमारतीतल्या बाराही घरांत सांगितलं. त्यानंतर त्यांना तिथे कुणी बोलावेना. ती चूक माझी होती.

शेलार पुण्याबाहेरच्या मांजरी गावाहून स्कूटरवर सदाशिव पेठेत येत आणि घरातल्या बारीकसारीक दुरुस्त्या करत. नळ, कडी, बिजागरी, काहीही. स्क्रू बसवला की त्याची खाच उभीच हवी. एक तिरकी राहिली म्हणून ते एकदा तीन जिने परत चढून आले होते. कामाआधी चौकशा फार. दार दिवसातून किती वेळा उघडता? डाव्या हाताने की उजव्या? घाई केली की म्हणत, "घाई कुणाला हाय? भिंतीला?" समोरच्या जोशीकाकांची बेल दुरुस्त करायला गेले, तेव्हा विचारलं, रोज किती माणसं येतात? काका म्हणाले, "बंद पडल्यापासून आपणच पहिले."

"आपलं माप चुकत नाय," हे तर ते बसता-उठता सांगत.

आणि एक खोड. चहा आईच्याच हातचा हवा, तोही तिने उभ्याने दिलेला. बायकोने कप पुढे केला तर "राहू द्या, आई देतील." ऐंशीच्या बाईला उठवणारा हा माणूस मला उद्धट वाटायचा.

आईसाठी बाथरूममध्ये आधाराची दांडी त्यांनीच बसवली. वर्षभराने आले, दांडी काढली आणि बोटभर खाली बसवली. "माप चुकलं माझं, साहेब." पुढच्या वर्षी पुन्हा तेच. जुनी भोकं पांढऱ्या सिमेंटने बुजवलेली होती, पण नव्या टाइल्सवर मला तेवढीच दिसत. तिसऱ्यांदा आले तेव्हा मी त्यांना दारातूनच परत पाठवलं आणि घरोघर सांगत सुटलो.

काही महिन्यांनी आई बाथरूममध्ये पडली. मनगट मुरगळलं, तेवढ्यावर निभावलं. "दांडी वर गेली रे," ती म्हणाली. दांडी कशी वर जाईल, म्हणून मी चिडलो. मग तिला तिथे उभी केली. तिच्या खांद्यामागे बुजवलेली भोकं दिसली, एकाखाली एक. आई दर वर्षी थोडी वाकत गेली होती आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

मी मांजरीला गेलो. मला दारात बघून शेलारांनी एवढंच विचारलं, "आई पडल्या?"

मला का नाही सांगितलं, असं मीच उलट विचारलं.

"त्यांच्यादेखत काय सांगायचं? तुम्ही वाकलाय म्हणून?" ते म्हणाले. "चहा देताना हात कुठवर येतो, तेवढं बघायचो."

त्याच दिवशी ते आले. आईने चहा दिला. दांडी दोन बोटं खाली आली.

"चुकलं होतं बघा माझं, आई."

"असू दे, होतं असं," आईने त्यांना मोठ्या मनाने माफ केलं.

आईसमोर मला काही बोलता येईना. शेलार निघाले तसा मीही त्यांच्याबरोबर बाहेर पडलो आणि जोशीकाकांची बेल दाबली. लगेच वाजली. काका दारात आले.

"काका, यांचं माप कधीच चुकलं नव्हतं. मी न बघता बोललो," मी म्हणालो. "बाकीच्या घरांतही सांगणार आहे. शेलार, मला माफ करा."