नळी, नाडी आणि नवा व्हॉल्व

"तपासल्याशिवाय एकही पार्ट विकत आणणार नाई! म्हणजे नाई!"

सिंदी मेघेतल्या आपल्या अंगणात नागसेन ताकसांडेनं शनिवारी दुपारी जाहीर केलं. त्याची बायको काजल दोरीवरचे कपडे काढत होती. ती थकून "बरं" म्हणाली. अशाच घोषणांनंतर घरातला मिक्सर, पंखा आणि इस्त्री कायमची शांत झालेली तिनं पाहिली होती. आता घाबरायचीही ताकद उरली नव्हती.

दुखणं गाडीचं होतं. जुनी पेट्रोल गाडी सिग्नलला थांबली की थंडीताप भरल्यासारखी थरथरायची आणि कधीकधी बंदच पडायची. मेकॅनिकनं न बघताच फोनवर निदान केलं होतं, "धूर परत इंजिनात सोडते तो ईजीआर व्हॉल्व गेला, बदलून टाका." आणि दुसऱ्या दिवशी पुलगावला काजलच्या मावसबहिणीचं, मयुरीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा! काजलची आई यशोदाबाई त्यासाठीच आदल्या दिवशी येऊन राहिल्या होत्या.

"सोपं हाये," नागसेन मोबाईलवरचा व्हिडिओ बंद करत म्हणाला. "गाडी चालू ठेवायची, व्हॉल्वले नळी लावून तोंडानं हवा ओढून व्हॅक्यूम करायचा. व्हॉल्व उघडून इंजिन बंद पडलं का समजायचं, व्हॉल्व चांगला!"

"बंद पडलं तर चांगला?"

"हो!"

"मंग आपली गाडी पहिल्यापासूनच चांगली हाये," काजल म्हणाली आणि कपडे घेऊन आत गेली.

नागसेननं व्हॉल्वची जुनी नळी काढून बाजूला ठेवली, माशाच्या टाकीची नळी तिथं खोचली आणि बॉनेटमध्ये डोकं घालून जीव खाऊन हवा ओढली. इंजिन गचके देत बंद पडलं! व्हॉल्व ठणठणीत! पण खात्री एकदाच करून कुणाचं समाधान होतं? त्यानं पुन्हा ओढली, परत ओढली. जीभ नळीच्या तोंडाला चिकटून सुजली, काजळीनं ओठ काळे झाले. तेवढ्यात बाजूला ठेवलेल्या जुन्या नळीकडे लक्ष गेलं. ती मधोमध तडकली होती. इथूनच हवा शिरून गाडी थरथरत होती. रोग सापडला! तो आनंदानं ओरडला, "नळी फाटली!"

सुजलेल्या जिभेतून बाहेर पडलं, "नाई आटई!"

यशोदाबाई दारात आल्या. जावयाचं तोंड काळं, डोळे तारवटलेले, तोंडातून नळी लोंबतेय.

"अवं काजल, धाव वं! जावईबापूची नाडी आटली! पेट्रोल पेले!"

शेजारचे पुंडलिकराव बनियनवरच धावत आले. नागसेन जीव तोडून "नाई! नाई!" म्हणत नळीकडे बोट दाखवत होता. "नाडी, नाडीच म्हणते!" म्हणत पुंडलिकरावांनी त्याचं मनगट धरलं आणि भलत्याच जागी दाबून सांगितलं, "खरंच लागत नाई!"

मग काय! ऑटोत काजल आणि पुंडलिकरावांच्या मधे नागसेन. दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "काय प्यायलात?"

"हॅक्यूम."

"म्हणजे काय असतं त्यात?"

"काईच नाई. हवाही नाई."

डॉक्टरनं काजलकडे बघितलं. "हे असं कधीपासून बोलतात?"

"लग्नाच्या आधीपासून," काजल म्हणाली आणि बाकावर बसून तिनं डोळे मिटले.

रात्रभर देखरेखीखाली ठेवलं. नर्सला, सलाईन बदलणाऱ्याला, झाडूवालीलाही नागसेननं फाटलेल्या नळीचं सांगून पाहिलं. सगळ्यांनी मान डोलावली आणि झोपायला सांगितलं.

सकाळी घरी आला तर गाडी पुसून दारात उभी. यशोदाबाईंच्या चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं.

"जावईबापू, आता तोंड नका लावू कशाले. पुंडलिकरावनं काल सांजेलेच मेकॅनिक आणला. मीच नवा व्हॉल्व बसवून घेतला. माह्याकडून!"

जुन्या व्हॉल्वच्या जागी नवा कोरा व्हॉल्व चमकत होता. त्याला तीच तडकलेली नळी नीट खोचून दिली होती.

काजलनं नवऱ्याकडे बघून हळूच मान हलवली. आता नको. नागसेननं गाडी सुरू केली.

देवळीच्या फाट्यावर गाडी थांबली आणि दाराच्या काचांसकट थरथरायला लागली. मागच्या सीटवर यशोदाबाईंनी मांडीवरचा साडीचा डबा दोन्ही हातांनी धरला.

"नवा हाये ना, जावईबापू," त्या समजूत घालत म्हणाल्या. "रुळाले वेळ लागते."

एव्हाना नागसेनची जीभ अगदी बरी झाली होती.

"हो मामी," तो म्हणाला.